धुडकू आबाचं द्वारदर्शन

अभिमन पाटील कुठे राहतात, असं अमळनेरात कुणाला विचाराल तर माणूस आधी डोकं खाजवेल आणि मग तुम्हाला भलत्याच पाटलाच्या ओट्यावर नेऊन सोडेल. पाटील आमच्याकडे काही कमी नाहीत. त्यापेक्षा 'आबा कुठे राहतात?' एवढंच विचारा. रिक्षावाला भाडं ठरवायच्या आत रिक्षा सुरू करेल. दवाखान्यात कंपाउंडर त्यांना 'आबा, या' म्हणून रांगेतून पुढे घेतो. खुद्द त्यांची बायको ताईबाई त्यांना आबाच म्हणते. गेल्या निवडणुकीत मतदान केंद्रावरचा पोरगा 'अभिमन पाटील कोण? अभिमन पाटील!' म्हणून घसा खरवडत राहिला आणि आबा त्याच्यासमोर उभे राहून मागे वळून बघत होते, हा कोणाला हाका मारतोय म्हणून.

हा सगळा प्रताप 'आबानी खाट', म्हणजे आबाची खाट, या मालिकेचा. भूषण हा आमच्या गावचा केबलवाला. आपल्या केबलवर आपल्या बोलीतलं काहीतरी विनोदी दाखवावं, असं पंधरा-सोळा वर्षांपूर्वी त्याच्या डोक्यात आलं आणि दर गुरुवारी संध्याकाळी आमची मालिका सुरू झाली. पुढे ती यूट्यूबवर गेली, तेव्हा धुळ्यापासून सुरतेपर्यंत जिथे जिथे आपली माणसं पोटासाठी गेली होती तिथे तिथे पोचली. संवाद मी लिहितो. दिवसा मी छापखान्यात लग्नपत्रिका जुळवतो, त्यामुळे माणसं खोटं किती गोड बोलतात याचा मला चांगला सराव आहे.

मालिकेत विशेष काही नाही. अंगणात काथ्याची खाट. खाटेवर डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळलेला धुडकू आबा. आबा गल्लीतल्या प्रत्येकाच्या भानगडीत नाक खुपसतो, दोन चांगल्या घरांत भांडण लावून देतो आणि सगळं पेटलं की रुमाल डाव्या कानावर ओढून म्हणतो, "मन्हं काय जास?" माझं काय जातंय! मग आतून त्याची बायको आक्का लाटणं घेऊन येते. आक्काचं काम कोकिळाबाई करते. तिची स्वतःची पिठाची गिरणी आहे आणि आवाज गिरणीच्या वर जातो.

अभिमन आबा तेव्हा एसटीत कंडक्टर होते. भूषणला ते सापडले अमळनेर-धुळे गाडीत. गाडी भर उन्हात रस्त्यात बंद पडली होती आणि हा कंडक्टर प्रवाशांना बाभळीखाली बसवून ड्रायव्हरची, डेपो मॅनेजरची आणि स्वतःच्या सासऱ्याची नक्कल करून दाखवत होता. दुसरी गाडी आली तरी माणसं उठेनात. भूषणने तिथेच त्यांचा हात धरला. नंतर ते नोकरीतून निवृत्त झाले, पण खाटेवरून काही उठले नाहीत.

उठले ते यंदा, आणि तेही रुसून.

आता हे रुसणं काय आहे ते सांगायला हवं. आमच्याकडे लग्नात जावई रुसतो. रुसला नाही तर सासरच्यांनाच चुकल्याचुकल्यासारखं होतं. जावयाने तोंड फिरवायचं, चार जणांनी हातापाया पडायचं, काहीतरी हातात ठेवायचं, मग त्याने उपकार केल्यासारखं हसायचं. आबांनी हा रिवाज मालिकेला लावला होता. दरवर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी ते एकदा रुसत. कधी चहा गार आला म्हणून, कधी कोकिळाबाईला जास्त वाक्यं दिली म्हणून. "दुसरा दखी ल्या!" म्हणत घरी निघून जात. आखाजीला भूषण आंब्याची पाटी आणि नवं धोतर घेऊन जाई, ताईबाई पुरणपोळी वाढी, आणि पुढच्या गुरुवारी आबा खाटेवर हजर. आम्ही या रुसव्याच्या हिशेबाने दोन भाग आधीच चित्रित करून ठेवत असू.

यंदा निमित्त झालं खाटेचं. काथ्या कॅमेऱ्यात मळकट दिसतो म्हणून भूषणने प्लास्टिकच्या पट्ट्यांची नवी रंगीत खाट आणली. आबा तिच्यावर बसले, एकदा वर उडाले, आणि उतरले.

"हाई काय शे? मी आबा शे का सर्कसना अस्वल?"

"आबा, नव्या जमान्यात..."

"मंग नवा आबाच दखी ल्या!" आबांनी चपला घातल्या. "मी चालनू."

आम्ही सगळे मनात हसलो. आखाजी जवळ आली होतीच. फक्त एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. भूषण हसला नाही. त्याच्या बापाचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, यूट्यूबवाल्यांना वेळेवर भाग द्यायचा होता, आणि इतकी वर्षं दर उन्हाळ्यात धोतर घेऊन जायचा त्याला कंटाळा आला होता. त्याने आबांचं म्हणणं शब्दशः ऐकलं. म्हणजे नवा आबा पाहिला.

इकडे आखाजीच्या दिवशी आबा ओट्यावर पांढरेशुभ्र कपडे घालून बसले. गल्लीत पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या, माणसं पत्ते कुटत होती. दर रिक्षाच्या आवाजाला आबा तोंड दुसरीकडे फिरवत, म्हणजे रुसलेले दिसावेत. ऊन उतरलं. ताईबाईने शेवटी आमरसाचं पातेलं आत नेलं आणि म्हणाली, "आते तोंड सरळ करा, मान आखडी जाई."

नवा आबा म्हणजे धरणगावचा प्रेमराज. वय चाळीसच्या आत, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात नकला करणारा. भूषणने त्याला मिशी पांढरी करून खाटेवर बसवला. खोटं कशाला बोलू, पोरगा गुणी निघाला. आवाज तोच, रुमाल ओढायची लकब तीच. पण पहिला भाग गेला आणि फोन सुरू झाले. आबाले काय व्हयनं? आबा आजारी शे का? हाऊ कोन शे खाटवर? एकाने तर लिहिलं की आमच्या घरात परका माणूस शिरल्यासारखं वाटलं, म्हाताऱ्या आईने टीव्हीकडे पाठ केली.

आबांना हे सगळं गुळासारखं गोड लागलं. ते मुद्दाम रोज बाजारात जाऊ लागले. वांगी घेताना, दाढी करताना, मेडिकलच्या पायरीवर, जिथे चार माणसं असतील तिथे थांबून ते अगदी साळसूदपणे विचारत, "काय भो, नवा आबा कसा वाटना?" आणि समोरचा शिव्या घालू लागला की म्हणत, "नही नही, तसं नको म्हनू. पोरगा शे बिचारा." हे ते इतकं मनापासून म्हणत की समोरचा आणखी दोन शिव्या घाली.

अशात प्रेमराज त्यांच्याच दारात आला. पाया पडला. म्हणाला, "आबा, बाकी बठ्ठं जमस. रुमाल जमत नही. शिकाडा ना."

आबांनी त्याला प्रेमाने जवळ बसवलं, चहा पाजला आणि रुमाल बांधायला शिकवला. शेवटची गाठ तेवढी मुद्दाम चुकवली. पोरगा पुन्हा पाया पडून गेला. मी तिथेच होतो. आबांनी माझ्याकडे बघून एक डोळा मिटला आणि मीही, लाज न बाळगता सांगतो, मिटला.

त्या गुरुवारी प्रेमराज रंगात येऊन भांडण लावत असतानाच रुमाल सुटला आणि सर्रकन डोळ्यांवर आला. दुसरा कोणी असता तर 'कट' म्हणाला असता. प्रेमराजने रुमालाच्या आतूनच विचारलं, "आक्का, लाईट गई का व?" कोकिळाबाईला हसू आवरेना. तिचं ते खरं हसू तसंच दाखवलं गेलं. आणि लोक खदखदून हसले. दुसऱ्या दिवशी बाजारात आबांनी नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा वांगीवाला म्हणाला, "हाऊ बी भारी शे हां आबा. रुमालना सीन तं लई भारी."

आबा वांगी तिथेच विसरून घरी आले. त्यानंतर ते बाजारात गेले नाहीत. ताईबाई मला म्हणाली, "रात-दिन एकच घोर लागेल शे यास्ले. आबा गया तं मी कोन?" तिने ते चेष्टेने सांगितलं नाही. मलाही ते चेष्टेचं वाटलं नाही. जो माणूस पंधरा-सोळा वर्षं एकाच नावाला ओ देतो, त्याच्याकडे दुसरं नाव उरतं कुठे?

आता खरं तर प्रेमराजचं बस्तान बसायला हरकत नव्हती, पण कोकिळाबाईने घोळ घातला. तिच्या गिरणीत दळणाला येणाऱ्या बायकांनी तिचं जगणं अवघड केलं होतं. आक्का, पह्यला नवरा सोडी दिधा का? आक्का, दुसरा तं जवान दख्या! तिसऱ्या भागानंतर तिने लाटणं भूषणच्या टेबलावर आपटलं.

"पह्यला नवरा जित्ता शे. रोज ओटावर बठेल दखास. तो जित्ता ऱ्हाईसन दुसराना जोडे खाटवर कशी बसू? एक तं तेले बलावा, नही तं मारा."

बोलवायला भूषण तयार नव्हता. तेव्हा मारायचं ठरलं. गोष्ट मी अशी जुळवली: धुडकू आबा आजारी होता, म्हणून इतके दिवस त्याचा सुरतेहून आलेला धाकटा भाऊ खाटेवर बसत होता. आता आबा जातो. गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटण्याच्या, दिवशी सोयरे भावाच्या डोक्याला पगडी बांधतात, तसं घर त्याच्या हाती येतं. कोकिळाबाई वहिनी होते आणि तिची अब्रू वाचते. आमच्या लोकांना पगडीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ज्याच्या डोक्याला पगडी, तो पुढचा माणूस. मग कोणी काही म्हणत नाही.

फक्त आबांचा एक फोटो हवा होता. भूषण आणि मी त्यांच्या घरी गेलो. भूषणला दारात बघताच आबांनी ताबडतोब तोंड फिरवलं. ताईबाईने लगबगीने आमरस काढला. भूषणने वाटी तशीच खाली ठेवली.

"आबा," तो म्हणाला, "तुमचा एक फोटो पाहिजे."

"कसाले?" आबा अजून भिंतीकडेच बघत होते.

"हार घालायला."

ताईबाईच्या हातातली पळी पातेल्यात पडली. आबा हळूहळू वळले. मला वाटलं आता आमरस आमच्या अंगावर येणार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बराच वेळ मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "फोटो देस. पन मरसू मी सोता. मन्हा बदला दुसरा कोनी मराव नही. आनि काथ्यानी खाट पाह्यजे."

असे आबा परत आले, मरायला. काथ्याची खाट माळ्यावरून काढली. आबांनी तिच्यावर हात फिरवला आणि आडवे झाले. मी लिहिलेलं मरण चार वाक्यांचं होतं. आबांनी ते दुपारभर लांबवलं. शेवटचा श्वास घेताना त्यांना आठवे की शेजाऱ्याचा खलबत्ता परत द्यायचा राहिला. डोळे मिटता मिटता ते उघडून विचारत, "आक्का, मांजर दूध तं पी नही गई?" कोकिळाबाई रडायची ती हसत सुटे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. शेवटी भूषण कॅमेऱ्यामागून हात जोडून ओरडला, "आबा, मरा ना आते!"

"मरस रे," आबा म्हणाले. "घाई कसाले? तुले काय, तू उद्या बी जगशी."

मग त्यांनी प्रेमराजला जवळ बोलावलं. हे मी लिहिलेलं नव्हतं. डोक्यावरचा रुमाल सोडला आणि पडल्या पडल्या त्याच्या डोक्याला बांधू लागले. कोकिळाबाई हळूच म्हणाली, "आबा, जित्ता मानूस पगडी बांधत नही." कॅमेरा सुरूच होता. आबांनी शेवटची गाठ मारली. यावेळी ती बरोबर मारली, मी नीट बघितलं. दोन्ही टोकं खेचून पाहिली, रुमाल डाव्या कानावर ओढून दिला आणि म्हणाले, "मन्हं काय जास?"

डोळे मिटले. कोणी 'कट' म्हणालंच नाही. प्रेमराज खाली मान घालून रडत होता आणि त्याचा रुमाल जागचा हलला नाही.

इथवर सगळं ठीक झालं असतं, पण भूषणमधला केबलवाला गप्प बसेना. भागाची जाहिरात म्हणून त्याने माझ्याकडून काळ्या चौकटीचं कार्ड करून घेतलं, गंधमुक्ती आणि पगडीचं असतं तसं. वर आबांचा फोटो, खाली 'कै. धुडकू आबा' आणि गुरुवारची वेळ. मजकूर मी लिहिला आणि छान लिहिला. गुरुवारी रात्रीपर्यंत ते कार्ड व्हॉट्सअॅपवर गावोगाव फिरलं. धुडकू हे खोटं नाव आहे हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही, कारण खरं नाव कोणाला माहीत होतं? लोकांनी फोटो बघितला, आबा गेले म्हणाले आणि द्वारदर्शनाला, म्हणजे दारात बसून दुखवटा करायला, निघाले.

शुक्रवारी सकाळपासून आबांच्या दारात माणसं. आमच्याकडे द्वारदर्शनाला येणारा काही बोलत नाही. येतो, मान खाली घालून बसतो, उठतो, 'येतो' न म्हणता निघून जातो. पण इथे मान खाली घालून बसलेल्याने वर पाहिलं की समोर मयतच बसलेलं. एक चोपड्याचा माणूस दचकून म्हणाला की मी वांग्याची रोपं आहेत का विचारायला आलो होतो. ताईबाईने संतापून कपाळभर कुंकू लावलं आणि दारातच बसली, येणाऱ्याला लांबूनच दिसावं म्हणून.

आबा मात्र खुलले होते. ते पाहुण्याला सोडतच नसत. "आते उना तं बोल ना. मन्हा माघारे काय बोलता तू? बोल, बोल." बिचारा 'लाख माणूस होता' असं काहीतरी पुटपुटे. आबा कानावर हात धरून म्हणत, "जरा मोठा आवाजमा." हळहळ त्यांना पुरत नव्हती. दुपारपर्यंत त्यांनी स्वतःबद्दल इतकं चांगलं ऐकलं की त्यांना मेल्याचा आनंद झाला होता.

जेवणवेळेला गल्लीच्या तोंडाशी रडण्याचा आवाज आला. डोळ्यांना पदर लावून एक म्हातारी मोठ्याने सूर धरून येत होती, जुन्या बायका येतात तशी. बेटावदहून एसटीने आलेली बेबाबाई. दारात येऊन ती भिंतीला टेकली आणि खाली बसून रडू लागली.

"वं माय," ताईबाई वैतागून म्हणाली, "मन्हा मानूस जित्ता शे. हाऊ दख ना समोर!"

बेबाबाईने पदर बाजूला करून आबांकडे पाहिलं. आबा कौतुक ऐकायला पुढे सरकले होते.

"माले दखास," ती म्हणाली. "हाऊ अभिमन कंडक्टर शे. बेटावदनी गाडीवर व्हता. मी याना करता नही उनू बाई. मी आबाना करता उनू."

आबा खुर्चीत मागे सरकले.

"मन्हा दोन्ही पोरं सुरतले," म्हातारी सांगू लागली, जशी सगळ्याच मयताच्या दारात सांगतात. "घरमा मी एकली. गुरुवारले सांजले आबा ये. मी चहा मांडू, आबा बोले, मी हासू. दुसरं कोनी नही ये मन्हा घर. काल मन्हा समोर गया तो. मी तोंडमा पानी बी टाकू नही शकनू." आणि ती पुन्हा रडू लागली.

मी आबांकडे पाहत होतो. ते खुर्चीवरून उठले. आत गेले असते, किंवा एखादी कोटी केली असती, तरी मला नवल वाटलं नसतं. त्यांनी पायातल्या चपला काढल्या आणि म्हातारीच्या शेजारी, भिंतीला टेकून, जमिनीवर बसले. द्वारदर्शनाला आलेला माणूस बसतो तसे, मान खाली घालून. थोड्या वेळाने त्यांचे खांदे हलायला लागले. पंधरा-सोळा वर्षं मी त्यांना खोटं रडताना पाहिलंय. हे तसं नव्हतं.

बेबाबाईने आपलं रडं थांबवलं आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"जाऊ दे भाऊ," ती म्हणाली. "तुना कोन लागे तो?"

 आबांनी नुसतीच मान हलवली. ताईबाई उंबऱ्यावरून उठली, आत जाऊन पाणी घेऊन आली, दोघांनाही दिलं.

दोघं पाणी प्याले. मग बेबाबाईने डोळे पुसले, गुडघ्यावर हात देऊन उठली. 'येतो' म्हणायचं नसतं, म्हणून म्हणाली नाही. चपला पायात सरकवता सरकवता तिने विचारलं, "कंडक्टर, बेटावदनी गाडी कितला वाजे शे रे?"

"अडीचले," अभिमन पाटील म्हणाले आणि उठून उभे राहिले. "पन जरा आधी जाय. खिडकीजोडे जागा भेटी."